पिनबॉलवाल्यानं धरलेला राग

म्हाताऱ्यांचे फुकटचे सल्ले मला पचत नाय, पण सलीमचाचांचे उपकार मानतो. इंजिनिअरिंग सोडून मी त्यांच्या हाताखाली जालना रोडच्या गेम झोनमध्ये मशिनी दुरुस्त करतो. एकदा पप्पांशी भांडून, आज घर सोडायचंच असं ठरवून आलो आणि पिनबॉलच्या मशीनला जोरात धक्का मारला. गेम तिथंच बंद पडला.

“हे बनवणाऱ्यापेक्षा व्हिडिओ गेम बनवणारे थोर,” मी म्हणालो. “मशीन कितीही बडवा, गेम चालूच.”

“त्यांनी तुझा राग हिशेबात धरलाच नाय, बेटा,” चाचा म्हणाले. “पिनबॉलवाल्यानं धरलाय. हलका धक्का दिलास तर खाली पडणारा बॉल वाचतो, जास्त दिलास तर गेम खल्लास.”

रात्री घरी जेवताना पप्पांनी पुन्हा कॉलेजचा विषय काढला. मी ताट फेकलं नाय, नुसतं सरकवलं. पप्पा थांबले. मग पहिल्यांदाच विचारलं, “बरं, त्या गेम झोनमध्ये नेमकं करतोस काय?”