विश्राम सरांची लॅटिन

...आणि लिफ्टचं दार लागलं! नेमकं तेव्हाच! आत आमच्या सेक्रेटरीबाई कुणाला तरी सांगत होत्या, "विश्राम सरांकडे बाळकुमला नवीन जागा घेतली म्हणे, आता इथलं विकून..." विकून काय? कधी? गुडघे धरत चार मजले चढले हो, पण बाई गायब!

तुम्हाला सांगते, सरांची बायको उत्तरा माझी सव्वीस वर्षांची शेजारीण. या मानपाड्यात आमची भिंतीला भिंत. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजते, माझ्या पोराची दुखणी तिने काढली. आणि ती मला न सांगता जाणार?

तशीच बेल वाजवली. दार उघडलं कोणी? सरांनी! कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेत, पण खडू काही सुटत नाही. म्हटलं, "सर, उत्तरा कुठेय? जीव नुसता वरखाली होतोय माझा." तर चष्मा सरकवून म्हणतात कसे, "याला अँग्झायटी म्हणतात, सरोजताई. मूळ लॅटिन क्रियापद आंगेरे. म्हणजे गळा आवळणे." मला सांगा, लॅटिन कोणी विचारलेली? "रोमन लोकांना काळजी गळ्यापाशी..." अहो, अजून दोन मिनिटं बोलले असते ना, तर मीच आवळला असता त्यांचा!

दुसऱ्या दिवशी सरळ ओटीच घेऊन गेले. नारळ, तांदूळ, खण. जाणाऱ्या बाईला तशीच कशी सोडायची?

"अगं सरोज, ही कसली ओटी?"

"घर विकून चाललीयेस ना!"

"कोण म्हणालं? बाळकुमची जागा आमच्या हेमांगीने घेतलीय. तिची नोकरी सुरू होतेय, म्हणून तान्ह्याला सांभाळायला मी एकटी चाललेय, वर्षभर. हे घर कशाला विकू?"

म्हणजे जागा लेकीची, हे घर विकत नाहीयेत... पण जातेय तर खरी! वर्षभर! नारळ तिच्या पदरात घातला मात्र... इथे, गळ्यापाशी, काहीतरी घट्ट आवळलं. सरांनी चष्मा सरकवला आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे केला. त्या मेल्या रोमनांना कसं कळलेलं हो? पण तरी... लॅटिन कोणी विचारलेली?

डोळे पुसत म्हटलं, "आणि सरांच्या जेवणाचं काय गं?" झालं, फसले!

"तू आहेस ना!"

काल पहिलं पान वाढलं. काकडीची कोशिंबीर तोंडात घातली आणि सर सुरू! "सरोजताई, याला इंग्रजीत सॅलड म्हणतात. मूळ लॅटिन अर्थ काय, तर मीठ लावलेलं." म्हटलं, जेवताना तरी, लॅटिन कोणी... आणि मग एक घास मी खाऊन बघितला.

मुकाट उठले. मीठच घातलं नव्हतं.