खाणीकाठचा मोऱ्या

सरका पुढे, आणि ऐका. ही आपल्या वाडीतल्या द्वारकाआक्काची गोष्ट, आणि खरी बरं का.

दिवेलागण झाली आणि आक्का घरातून निघाली. एकटी! वर सड्यावर, त्या उजाड कातळमाळावर! तुम्ही म्हणाल, अशा वेळी कशाला? अहो, फोनला रेंज वर सड्यावरच ना! आणि तिचा धाकटा भाऊ मोऱ्या मालवाहू जहाजावर. जहाज वादळात सापडलेलं, जहाजावरचा फोन बंद, काही खबर नाही. म्हाताऱ्या आईनं अन्न सोडलेलं.

पण मोऱ्याला नाद रेडिओचा. परवाना काढलेला, जहाजावर स्वतःचा संच. त्यावरून रोज संध्याकाळी लांबलांबच्या लोकांशी बोलायचा. बहिणीलाही त्यानं शिकवून ठेवलेलं. कुठल्याशा परक्या बेटावर कुणा भल्या माणसानं उंच तार बांधून रेडिओ लावलाय, इंटरनेटला जोडलाय. आपण इथं फोनवर काटा फिरवायचा, तिथल्या रेडिओला जे ऐकू येतं ते आपल्या कानात! नुसतं ऐकायचं हां, बोलता येत नाही.

घाईघाईत आक्कानं जवळची वाट धरली. बंद पडलेल्या चिरेखाणीची. तिथंच चुकली बघा!

वर पोचली. रेंज आली. काटा लावला. खरखर... नुसती खरखर. चालतेय, ऐकतेय. करवंदाची जाळी लागली. पुढे गेली. परत तीच जाळी! अजून पुढे. परत तीच! चकवा! चकवा लागला हो बाईला!

मग गावाचे दिवे दिसेनासे झाले. मग वारा पडला. आणि काळोखातून हाक आली, "आक्के! अगो आक्के!"

मोऱ्याचा आवाज! तसाच, जरा घोगरा.

"मोऱ्या? कधी आलास रे?"

"आत्ताच जहाज लागलं बंदराला. पाय मुरगळलाय गो. ये, हात दे."

गेली. एक पाऊल. दुसरं. समोर हात दिसला. पांढरा. लांब...

तेवढ्यात फोन बोलला! "आक्के, ऐकत असलीस तर आईला सांग. वादळ सरलं. आम्ही सगळे सुखरूप आहोत. भर दर्यातून बोलतोय..."

समोर मोऱ्या, हातातही मोऱ्या! आक्का थबकली. "तू इथं, तर दर्यात कोण बोलतोय रे?"

तिच्या पायाखालचा दगड निसटला आणि खूप खाली, पाण्यात, डुबुक! खाणीच्या काठावर उभी होती हो!

मटकन बसली. पण पोटातून असा आनंद उसळला की भीतीला जागाच उरली नाही! फोनचा आवाज मोठा केला, काळोखापुढे धरला आणि ओरडली, "ऐक मेल्या! हा माझा भाऊ! जिवंत आहे माझा भाऊ! तू कोण रे?"

काळोखातून अशी किंकाळी उठली म्हणता! आणि खाली गावाचे दिवे लखकन दिसले.

धावत सुटली. वाडीत शिरतानाच हाळी, "आये, जेव गो! मोऱ्या सुखरूप आहे!" सगळी वाडी अंगणात. दर्याला नारळ वाहिले. म्हातारी पेज प्यायली, रडत आणि हसत.

तर पोरांनो, सड्यावर जायचं तर शाळेच्या रस्त्यानं वळसा घालून जा. दिवेलागणीनंतर खाणीची वाट नाही म्हणजे नाही! आणि काळोखात कुणी ओळखीच्या आवाजानं हाक मारली, तर ओ देऊ नका. तो अजून तिथंच आहे. हल्ली आक्काचा आवाज काढतो म्हणतात.