बुरूज बसला त्या दिवशी

मी पाथरवटाची लेक. आमचं गाव नाशिकहून बैलगाडीनं दीड दिसाच्या वाटंवर, किल्ल्याच्या पायथ्याला. बाप जाती-पाटे घडवायचा, त्याच्याजवळ बसून बसून दगड कळाला मला, टाकी मारली की आवाजावरून सांगायचे, ह्यो फुटंल का टिकंल. नवरा लवकर गेला, मग मी अन् माझी धाकटी जाऊ पारू, दोघी मिळंल त्या कामाला जायचो.

तर काय सांगू तुम्हाला, मिठाचा सत्याग्रह होऊन गेल्यावरची गोष्ट, इंग्रजाचं राज्य, अन् किल्ल्यावर खोदकाम निघालं. गोरा साहेब आला, म्हनला ह्या तटाच्या पोटात लय जुना तट हाय, तो काढायचा. आम्ही बायामाणसं पाट्या-कुदळी घेऊन वर. माती हलक्या हातानं झाडायची, खापर निघालं की हाक मारायची. मजा वाटायची हो.

पन साहेब चार दिस नाशिकला गेला अन् मुकादमाला घाई सुटली. म्हनला, बुरुजाच्या बुडातून खोदा, साहेब यायच्या आत जुना तट दिसला पायजे. बुरूज बिनचुन्याचा, नुसता दगडावर दगड. दुसऱ्या सकाळी मी खड्ड्यात उतरून हात लावला तर माती गळत होती, सारखी गळत होती. वर आले, म्हनलं, आता खाली कुनी नाय जायचं. मुकादम म्हनला, तू मला शिकवती का, उद्यापासून येऊ नको. म्हनलं, नाय येत, पन आज ह्यांना उतरू देत नाय. पारू खालीच होती, म्हनली, अक्का, काम जाईल ना आपलं. तिला दंडाला धरून वर वढली अन् खड्ड्याच्या तोंडावर पाय पसरून बसले. ज्याला जायचं त्यानं माझ्या अंगावरनं जावं. कुनी गेलं नाय. मुकादम शिव्या घालीत राहिला. घालू दे, शिव्यांनी बुरूज थोडाच थांबतो.

उन्हं डोक्यावर यायच्या आत बुरूज बसला खाली. पारू माझ्या गळ्यात पडली. धुरळा निवळला तर आत मोठाल्या विटांची जुनी भिंत, साहेब म्हनत होता तोच तट, उभीच्या उभी.

साहेब आला त्या दिवशी मी मुद्दाम वर गेले. मुकादम म्हनत होता, आम्ही काढली साहेब. मी पुढं झाले. म्हनलं, भिंत बुरुजानं पडून दावली, माणसं म्या वाचवली, माझं नाव चंद्रभागा, लिवा. साहेबानं वहीत कायतरी लिवलं. मुकादमानं मला परत घेतलं नाय. म्या बी इचारलं नाय.

पारू गेल्या साली गेली, पतवंडं बघून गेली. साहेबानं माझं नाव लिवलं का मुकादमाचं, काय ठाऊक, मला वाचता येत नाय. तुम्ही हे लिवून घेताय, तुम्ही तरी नीट लिवा. देव तुमच्या हाताला यश देवो.