खिडकीतली बाटली

डोळ्यांच्या दवाखान्यात लेक फोनवर आपल्या संशोधनाच्या सरांशी बोलत होती, ते नर्सच्या कानावर पडलंच होतं. "बाटलीवर चिठ्ठी होती सर, ठळक अक्षरांत. 'अंधारात ठेवा.' तरी आईनं फ्रिज पुसताना बाटली खिडकीत ठेवली."

आता नर्स आईच्या डोळ्यांत थेंब घालत होती आणि लेक शेजारी बसली होती.

"रागावलीस?"

"नाही गं आई."

"समुद्राचा चिखल फ्रिजमध्ये कोण ठेवतं?"

"त्यात विषारी शेवाळाची बीजं झोपलेली असतात. वर्षानुवर्षं. ऊन, ऊब मिळाली की उठतात."

"मग उठली?"

"सगळी. पाणी लाल झालंय."

"तुझी मेहनत वाया गेली माझ्यापायी."

"पुन्हा आणीन चिखल."

"पण बाटलीवर काही लिहायचं तरी!"

नर्सचा हात थबकला.

"विसरलेच बघ. पुढच्या वेळी नक्की लिहीन."