पाचव्या रविवारी चुकलेला सूर

रविवारची सकाळ. मेघालयातल्या जोवायच्या स्टँडवर सुमो भरायची वाट बघत दारिहुन बसली होती. युनिटेरियन चर्चला निघालेल्या दोघीजणी शेजारी सुपारी चघळत होत्या. थोरली काठी धरून होती; धाकटी तिला मोठ्या बहिणीच्या मानानं 'काँग' म्हणत होती.

"काँग थ्रिना, आज प्रार्थनेनंतर तुम्ही बोलायचं हं. आजारातून उठलेल्यानं आभार मानायचे, ही आपली रीत."

"मानते की, बिआंगी. पण आधी त्या स्तारवेलला झापणार! चार महिने दर रविवारी सगळे माझ्या घरी येऊन गायलात, उपकार झाले. पण एकदा तरी सुरात गायलात का गं?"

"पहिले चार रविवार सुरातच गायलो."

"मला नाही आठवत."

"कसं आठवेल? वाचा गेलेली, नुसत्या छताकडे बघत पडला होतात. पाचव्या रविवारी स्तारवेल चुकला आणि तुम्ही मान हलवलीत."

"हलवणारच! चाळीस वर्षं गाणं शिकवलंय मी त्याला."

"आम्ही सगळे रडलो. मग ठरवलं, दर रविवारी थोडं चुकायचं. सहाव्याला तुम्ही हात आपटलात. नवव्याला ओरडलात, 'नाही!' तो तुमचा पहिला शब्द."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम. चुकायची तालीम करून यायचो."

"आणि माझ्या नातीच्या लग्नात?"

"ते खरंच चुकलं होतं."

दोघी खूप हसल्या. दारिहुनलाही हसू आवरेना. मग थोरलीनं पदरानं डोळे टिपले.

"आता मी काय बोलू गं तिथे उभी राहून?"

"काही बोलू नका, काँग. आज पहिला सूर तुम्ही द्या."