खाऱ्या पाण्याकडे, सावकाश

टाकी सहा नंबरची होती की आठ, हे आता खात्रीनं सांगता येत नाही, आणि ज्याला स्वतःची टाकी आठवत नाही त्याचं बाकीचं तरी तुम्ही का ऐकावं... पण ऐका. बाई मात्र लख्ख आठवतात. प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर असायच्या. गोड्या पाण्यातला तिलापिया मासा खाऱ्या पाण्याला कसा सरावतो, ते आम्ही दोघं बघत होतो. तुम्हाला सांगतो, सोपं नसतं ते. गोड्या पाण्यात माशाच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, म्हणून तो पीत नाही, नुसतं बाहेर टाकत बसतो. खाऱ्यात सगळं उलटं, अंगातलंच पाणी निघून जातं, मग बिचारा सारखा पितो आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो. कल्ल्यांना हे शिकायला दिवस लागतात. म्हणून रोज थोडं मीठ. घाई नाही.

तर बाईंना समुद्रकाठच्या संस्थेत नोकरी लागली. आठवड्याभरात निघणार. आणि मला त्यांना सांगायचं होतं की... समजलात तुम्ही. पण एकदम कसं सांगणार? माणूस दचकतो हो. मी वहीत सात दिवसांचा तक्ता आखला. एके दिवशी नुसता चहा. मग "आईंची तब्येत कशी आहे?" मग "तिकडे जेवणाचं काय?" त्यावर बाई म्हणाल्या, "अहो शास्त्रज्ञ, तुम्हाला नक्की काय विचारायचंय?" मी तक्ता बघितला. त्या दिवसापुढे फक्त 'हवामान' लिहिलं होतं. म्हटलं, "तिकडे दमट असतं म्हणे." त्या टाकीकडे वळल्या. "असेल," म्हणाल्या. घाई नाही, मी मनाशी म्हटलं.

एका सकाळी बॅग घेऊनच आल्या. "निघते."

"आज? आज तर सहावा दिवस."

"सातवा आहे."

आम्ही प्रयोगात पहिला दिवस शून्य धरतो हो, जगात दुसरं कोण धरतं? खरं काय ते मी सातव्या दिवसावर ठेवलं होतं. तरी बोलता आलं असतं. पण सहाव्या दिवसाचं मीठ अजून घातलं नव्हतं ना... मग तक्त्यात जे होतं तेच बोललो, "पत्र टाका."

टाकलंही त्यांनी, एकच. मी उत्तराचे मसुदे करत बसलो. घाई नव्हती.

पुढे निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, कोणी सांगितलेलं नसताना, मी बारा तिलापिया गोड्या पाण्यातून उचलले आणि थेट समुद्राच्या निम्म्या खारटपणाच्या पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा जिवंत. खाद्य टाकलं, तर खाल्लंसुद्धा.