राहनाळची वीज पाच वाजता जाते

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या टेलिफोन खात्याचे विभागीय अभियंता माननीय यादव साहेब, व्यासपीठावरचे युनियनचे पदाधिकारी, केबल विभागातले आणि बिल विभागातले माझे सहकारी, घरची कामं टाकून आलेल्या भगिनी, आणि मागच्या दाराशी उभा राहून मी कधी आटोपते याची वाट बघणारा आपला लाइनमन हिरामण, सगळ्यांना विनिता रोकडेचा नमस्कार.

माझ्याबद्दल आत्तापर्यंत चार जण बोलले. मी हसतमुख होते, असं त्यातल्या दोघांनी सांगितलं. काउंटरवर मी शेवटची कधी हसले ते मला आठवत नाही, पण गळ्यात हार असताना वाद घालणं बरं दिसत नाही. शाल दिलीत, नारळ दिलात, मनापासून आभारी आहे. बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. मी जरा जास्त घेईन, कारण मला पाच वाजेपर्यंत इथे उभं राहायचं आहे.

या टेबलावर हारांच्या मध्ये हा काळा फोन कशाला ठेवलाय, असं उन्नती दोनदा विचारून गेली. उन्नती म्हणजे उद्यापासून माझ्या खुर्चीवर बसणारी मुलगी. सांगते. आज सोमवार. राहनाळची वीज सोमवारी पाचला जाते. वीज गेली की तिथल्या एका घरातून या फोनवर फोन यायला हवा. आला, तर माझी चौतीस वर्षांची नोकरी आज पुरी झाली असं मी समजेन. नाही आला, तर बघू. घड्याळ नेमकं साहेबांच्या डोक्यावर आहे. साहेब, मी अधूनमधून वर बघेन, तुमच्याकडे डोळे वटारतेय असं समजू नका.

पंच्याहत्तर साली मी ऑपरेटर म्हणून लागले. तेव्हा भिवंडीत फोन मागितला की सात-आठ वर्षं थांबायला लागायचं. नंबर लागल्याचं पत्र घेऊन कधी कधी मुलगा यायचा, कारण अर्ज केलेला बाप तोवर गेलेला असायचा. नाही म्हणायला मी तेव्हा शिकले. मधे काही वर्षं बरी गेली, फोन घ्या हो, फोन घ्या, म्हणून आपणच लोकांच्या मागे लागलो. मग या वर्षी गुढीपाडव्याला फायबर आलं. फीत कापली, पेढे वाटले, आणि आठवड्याभरात माझ्या तोंडी पुन्हा तेच, नाही.

काउंटरमागे नकाशा लावला. त्यावर एक निळी रेघ, एक्स्चेंजपासून धामणकर नाक्यावरून राहनाळच्या गोडाऊनपर्यंत. रेघेवर असाल तर मिळेल, नसाल तर नाही. नाक्यावर तर रस्त्याच्या एकाच बाजूला, कारण दुसऱ्या बाजूच्या खोदाईची परवानगी अजून यायची आहे. लूमवाले एक शेठ रोज यायचे. "बहनजी, सामनेवाले को दिया, मेरे को क्यों नहीं? बीच में समंदर है क्या?" मी म्हणायचे, "समंदर नहीं सेठ, रोड है. परमिशन नहीं है." शेवटी त्या गृहस्थांनी समोरच्या पानवाल्याच्या गाळ्यात अर्धी जागा भाड्याने घेतली आणि तिथे कॉम्प्युटर मांडला. सुरतेला कापडाचं डिझाइन पाठवायचं असलं की रस्ता ओलांडून जातात आणि चुन्याच्या डब्यांशेजारी बसतात. त्यातही महिन्याचा ठरलेला डेटा वीस तारखेलाच संपतो आणि पुढे सगळं रखडत चालतं. मग परत माझ्याकडे, "बहनजी, ये तो बैलगाडी हो गया." रोज ऐकून घ्यायचं. दमले मी.

आणि माझं स्वतःचं? मी खारबावची, म्हणजे रेघेच्या बाहेरची. सुनेने, प्रियंकाने, फार मागे लागून मलाही अर्ज करायला लावला. माझ्याच अर्जावर "तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही" हा शिक्का मीच मारला आणि खाली सही केली. घरी दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. हसा, हसण्यासारखंच आहे. पण खरं सांगू का? तो शिक्का मला कधी टोचला नाही. ज्याला नाही म्हटलं तो चार शिव्या घालतो आणि घरी जातो. मला टोचतंय ते एका घराला हो म्हटलं त्याचं.

पावणेपाच झाले. सांगते.

राहनाळला दौलत तरे म्हणून आहेत, आणि त्यांच्या पत्नी धोंडूबाई. चौऱ्याण्णव साली त्यांच्याकडे फोन लागला. तेव्हापासून बिल भरायला धोंडूमावशी स्वतः यायच्या. रांगेत उभ्या राहायच्या आणि नंबर आला की पदराखालून सुकटीची पुडी काउंटरच्या खिडकीतून आत सरकवायच्या. नियमात बसत नाही, साहेब, कबूल. पंधरा वर्षं खाल्ली आहे मी ती सुकट.

जूनमध्ये आम्हाला टार्गेट आलं, प्रत्येकाने दहा फायबर जोडण्या आणायच्या. माझ्या नऊ झाल्या होत्या. मावशींचा मुलगा भाविक इंटरनेटची चौकशी करायला आला आणि मी त्याला धरलाच. घरी लाव, म्हटलं, आईचा फोनही त्यावरच जाईल, नंबर तोच राहील, आवाज स्वच्छ येईल. त्यात खोटं काही नव्हतं. नंबर तोच राहिला आणि आवाजही स्वच्छ आला.

आपल्या माणसांना सांगायला नको, पण पाहुणे बसलेत म्हणून सांगते. जुना तांब्याच्या तारेचा फोन घरच्या विजेवर चालत नाही. त्याला लागणारी वीज आपलं एक्स्चेंजच तारेतून पाठवतं. म्हणून गावभर अंधार असला तरी तो फोन लागतो. फायबरच्या काचेतून वीज जात नाही. घरात एक डबा बसवतात, तो घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की डबा बंद, डबा बंद की फोन मुका. त्यासाठी डब्याबरोबर बॅटरी द्यायची असते. बॅटऱ्या तेव्हा आल्या नव्हत्या, आज नोव्हेंबर संपला तरी आलेल्या नाहीत. आणि फॉर्मवर शेवटून दुसरा एक रकाना आहे. वीज नसताना फोन चालणार नाही, हे ग्राहकाला समजावून सांगितले आहे. त्यापुढे खूण करायची.

ती खूण मी केली. सांगितलं नाही, नुसती खूण केली. मागे रांग होती, माझी दहावी जोडणी होती, बॅटऱ्या येतायत असं वरून कळवलं होतं. कारणं पुष्कळ आहेत. इतकी वर्षं लोकांची कारणं ऐकली, आता स्वतःचीही ओळखू येतात.

ऑगस्टमध्ये एका दुपारी दौलतकाका ओट्यावर बसले होते. बोलता बोलता जीभ अडखळायला लागली, हातातला पेला पडला. लोडशेडिंग चालू होतं. भाविक कामावर. मावशींनी फोन उचलला आणि त्याचा नंबर फिरवला. मावशींना मोतीबिंदू आहे, नंबर त्यांना बोटांनी पाठ आहेत. भाविकने मोबाईल घेऊन दिलाय, पण त्याची इवलीशी बटणं त्यांना दिसत नाहीत, आणि पत्र्याच्या गोडाऊनच्या गर्दीत त्याला रेंजही धड नसते. तर मावशींनी घरचा फोन फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. वीस मिनिटं ती बाई नंबर फिरवत होती. मला नंतर म्हणाल्या, "मना वाटलं, माझाच बोट चुकतंय." फोन बंद आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. का येईल? पंधरा वर्षांत वीज गेली म्हणून त्यांचा फोन कधी बंद पडला नव्हता.

शेवटी रस्त्यावर जाऊन त्यांनी एक टेम्पो अडवला. काका वाचले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अजून लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दुसरा झटका येऊ शकतो, हेही म्हणाले. आणि दिवसा घरात आजही ती दोघंच असतात.

सप्टेंबरमध्ये मावशी बिल भरायला आल्या. सुकट सरकवली आणि म्हणाल्या, "बाय, माझा जुना फोन दे ना मना परत." भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्या गेल्यावर मी फॉर्म काढून बघितला. माझीच खूण, माझ्याच निळ्या पेनाची. मला बसवेना खुर्चीवर.

जुन्या फोनसाठी मी त्यांचा अर्ज केला. उत्तर आलं, फायबर उपलब्ध असलेल्या भागात तांब्याची लाइन देता येत नाही. दुसरा केला, तेच उत्तर. तिसरा साहेबांच्या टेबलावर आहे. साहेब माणूस वाईट नाहीत, त्यांनी तो वर पाठवतो म्हटलंय. पण मी या खात्यात आयुष्य काढलं आहे, वर गेलेला कागद खाली यायला किती दिवस लागतात ते मला ठाऊक आहे. तेवढे दिवस काकांकडे आहेत का, ते मात्र मला ठाऊक नाही.

म्हणून आज सकाळी अकराला मी एक काम केलं. साहेब, बसा, बसा. पूर्ण ऐका आणि मग काय ते करा. मावशींच्या भिंतीवर जुनी तार अजून लोंबतेय, कोणी काढून नेलेली नाही. मी हिरामणला म्हटलं, जोडून ये. तो म्हणाला, "बाई, माझी नऊ वर्षं बाकी हायत, लेखी द्या." बरोबरच बोलला. मी रजिस्टरमध्ये लिहून दिलं, विनिता रोकडे यांच्या आदेशावरून, आणि सही केली. असा आदेश द्यायचा मला अधिकार नाही, हे मला माहीत आहे, हिरामणला नव्हतं. चौकशी लावायची तर माझ्यावर लावा. एक नवा नंबर मिळालाय मावशींना, आणि या काळ्या फोनचा नंबर मी तिथे जाऊन त्यांच्या बोटांना दहा वेळा गिरवून दिलाय.

पाच वाजले.

उन्नती, तोवर तुला दोन शब्द. नकाशा बदलेल, रेघ वाढेल, उद्या खारबावलाही जाईल. चांगलं आहे ते, मी त्याच्या विरुद्ध नाही. फक्त त्या रकान्यात खूण करण्याआधी तोंड उघडून सांग. मागे कितीही रांग असू दे.

पाच वाजून चार मिनिटं. हिरामण, तू खाली बघू नकोस, तू नीटच जोडली असणार. कदाचित वीज उशिरा जात असेल आज. आपल्याकडे वेळेवर काय होतं? चहाची व्यवस्था करणाऱ्या मंडळींचे आभार मानायचे राहिले होते. हे सभागृह लावून देणारे शिपाई बंधू, माइकवाले...

थांबा. वाजतोय.

हॅलो. हो मावशी, मीच. गेली का वीज? पंखा बंद झाला म्हणतात, आणि फोन चालू आहे म्हणतात. ऐका सगळ्यांनी, चालू आहे! काका बरे आहेत ना? बरं. मावशी, ठेवू नका, एक सांगायचं राहिलंय. वीज गेली की फोन बंद पडेल, हे तुम्हा लोकांना सांगितलं म्हणून त्या जूनच्या फॉर्मवर मी खूण केली होती. सांगितलं नव्हतं मी. हॅलो? ... काय म्हणता? ... मग मला कधी बोलला का नाहीत? ... बरं. बरं, ठेवा.

पाणी नको, ठीक आहे मी.

त्या काय म्हणाल्या ते सांगते, नाहीतर तीही एक खोटी खूण होईल. म्हणाल्या, "मना म्हाईत हाय. भाविकनी कागद वाचून दाखवला व्हता." आणि बोलल्या का नाहीत, तर म्हणाल्या, "तू रुसली असतीस, तं माझा फोन कोन देनार व्हता गो?"

तीन महिने ती सुकट मी घेत होते. मला वाटत होतं, बिचारीला काही ठाऊक नाही.

भाषणाच्या शेवटी चुकलंमाकलं पदरात घ्या म्हणायची रीत आहे. तुमचा वेळ जास्त घेतला आणि चहा गार केला, तेवढंच तुम्ही पदरात घ्या. बाकीची माफी मागायला मी उद्या सकाळी राहनाळला जाणार आहे. या वेळी सुकट मी घेऊन जाईन. तुम्हा सगळ्यांचे आभार. नमस्कार.